उशिराचं रडणं

जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी शेतात बटाटे काढत होते. "अपांनी बोलावलंय. एकटीच ये," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तीन वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला फोन. आधी वाटलं, म्हातारी गेली. पण गेली असती तर जाऊबाई एकटीच ये म्हणाली नसती.

आमचं घर गल्लीच्या या टोकाला, थोरल्या दिरांचं त्या टोकाला, आणि अपा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याकडे. मधली सगळी घरं ओलांडून जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटते. मी मान खाली घालून चालते. नवी सून म्हणून नव्हे, चाळिशी उलटली माझी. मी त्या न रडलेल्या माणसाची बायको आहे म्हणून.

तो न रडलेला माणूस म्हणजे माझा नवरा सागिन. या मुसलमान गावात येशूला मानणारी आमची वीसेक माणसं आहेत, त्यांचा तो पास्टर. तीन वर्षांपूर्वी सासरे वारले. त्यांचं नाव मी घेत नाही, सुनेनं घ्यायचं नसतं. बायबलमध्ये तशी मनाई नाही, पण जीभ वळत नाही त्याला काय करू! अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि गाऊन रडू लागल्या. बाहेर दाराशी दोघे मुलगे काठ्या घेऊन उभे राहिले. येणारा माणूस गल्लीच्या तोंडापासून मोठ्यानं रडत येतो आणि मुलांनी काठीवर वाकून त्याला रडूनच उत्तर द्यायचं असतं. थोरल्या दिरांचा घसा पहिल्याच दिवशी बसला. सागिन मात्र ताठ. काठी हातात, पण तिच्यावर वाकला नाही. डोळे कोरडे, ओठ मिटलेले. कारण त्यानंच आम्हांला शिकवलं होतं की मेलेल्यावर असा गळा काढणं हे आशा नसलेल्या लोकांचं काम आहे, विश्वासणाऱ्यानं ते केलं तर पाप.

दुसऱ्या दिवशी गावातला एक म्हातारा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "कुत्रंसुद्धा मालकासाठी विव्हळतं."

ते वाक्य आमच्या घराला चिकटलं ते चिकटलंच. माझ्या लेकीला शाळेत 'कोरडी' म्हणतात. थोरल्या दिरांनी बोलणं टाकलं. मला लाज वाटायची, रोज वाटायची, पंपावर पाणी भरताना, दुकानात साखर मागताना. आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची, कारण सागिन म्हणायचा की लोकांची लाज धरणं हा गर्व आहे आणि गर्व म्हणजे पाप. म्हणजे इकडूनही मार, तिकडूनही मार.

तर मी गेले. अपा चुलीजवळ गाद्यांवर पडल्या होत्या. पाय सुजलेले, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पण तोंड शाबूत. मला त्या केलिन म्हणतात, म्हणजे सूनबाई.

"ये केलिन. शेत अंगावर घेऊनच आलीस वाटतं."

"बटाटे काढत होते, अपा."

"लाल की पांढरे?"

"लाल."

"किडले असतील. त्याला सांगितलं होतं मी, त्या तुकड्यात लाल लावू नको. पण तो माझं कुठला ऐकतोय! तो देवाचं ऐकतो." मग जाऊबाईंकडे वळून म्हणाल्या, "तू जा गं जरा, गाय बघ."

गाय ठणठणीत होती. जाऊबाई निमूट गेली.

"मी आता फार दिवस नाही," अपा म्हणाल्या. "डॉक्टर आला होता. म्हणाला, आवडेल ते खा. मला काय कळत नाही होय?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ऐक. मी गेले की त्याला इकडे येऊ देऊ नकोस. दार लावून घे, पाया पड, काय करायचं ते कर. तो यायचा आणि दाराशी पुन्हा तसाच खांबासारखा उभा राहायचा. गाव काय म्हणेल मला? बाईनं दगड जन्माला घातला. एकदा नवऱ्याच्या वेळी खाली बघितलं मी. तेव्हा मी निदान जिवंत होते, तोंडावर पदर ओढून घेतला. मेलेल्या माणसाला तोंड लपवता येत नाही गं."

"अपा, त्याचा जीव आहे तुमच्यावर."

"माहीत आहे. म्हणून तर सांगते. जीव नसता तर म्हणाले असते, येऊ दे, परका आला नि गेला." त्या श्वास घेण्यासाठी थांबल्या. "पलीकडच्या कालीचा मुलगा रशियात अडकला होता. बापाच्या मातीला पोचला नाही. दोन वर्षांनी आला, गल्लीच्या तोंडापासून रडत आला. सगळं घर काठ्या घेऊन उठलं, त्याच्याबरोबर रडलं. झालं, मिटलं. उशीर झालेल्यालाही वाट असते. पण तुझा नवरा तर हजर होता. हजर असून नव्हता. अशाला वाट नाही."

परत येताना मी कुणाकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी सागिनला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता तोंडून निघून गेलं. त्यानं वाडगा खाली ठेवला.

"येऊ देऊ नकोस म्हणाली?"

"हो."

"माझी आई?"

"तुझीच. माझी असती तर गोड बोलली असती."

त्यानं वाडगा दूर सरकवला. मग चिडला. चिडला की त्याचा आवाज उपदेशातला होतो. "मी पाप काय केलं, जिपार? एक दाखव. चोरी केली? बापाला उलट बोललो? त्याच्या आजारपणात सगळं केलं मी. देवासमोर माझा न्याय झाला तर मी निर्दोष सुटेन."

"सुटशील रे. कोर्टातून सुटशील. पण सुटलेल्या माणसाला घरी कुणीतरी घ्यावं लागतं ना? तू तिथंच कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलायस तीन वर्षं."

हे मी विचार करून बोलले नव्हते. राग आला होता, त्या भरात बोलले. तो उठला आणि गोठ्यात गेला.

पुढचे काही दिवस बटाटे माझ्या एकटीच्या गळ्यात पडले. (लाल होते आणि किडलेही होते.) सागिन घरात बायबल घेऊन बसलेला. मी म्हटलं, बसू दे, निदान माझ्याशी भांडत नाही. मग एका दुपारी वारा सुटलेला असताना तो पुस्तक छातीशी धरून शेतात आला. टोपीही नव्हती डोक्यावर.

"जिपार, योसेफ बापाच्या तोंडावर पडून रडला."

"बरं."

"नुसता रडला नाही. पुढं खळ्यावर थांबून सगळ्यांनी असा आक्रोश केला की तिथल्या लोकांनी त्या जागेला त्यावरून नाव दिलं. दावीदानं रडगाणं रचलं, रचून लोकांना पाठ करायला लावलं. आपल्या बायका गातात तसंच. आणि प्रभू स्वतः मित्राच्या थडग्यापाशी रडला. आता लगेच त्याला उठवणार आहे हे ठाऊक असताना!"

"हे तुला आज कळलं?"

"वाचलं होतं. शंभरदा वाचलं असेल." तो बटाट्याच्या पोत्यावर बसला. "आणि ते आशा नसलेल्यांचं वाक्य. त्यांच्यासारखं रडू नका असं आहे गं तिथं. रडू नका असं नाहीच."

"मग तुझ्या डोक्यात कुणी घातलं हे?"

त्यानं सांगितलं ते असं. शहरातल्या बायबल शाळेत समुद्रापलीकडून आलेले एक मास्तर होते, भले माणूस. एकदा वर्ग चालू असताना त्यांना फोन आला, आई गेली म्हणून. ते 'माफ करा' म्हणाले, बाहेर गेले, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तोंड धुऊन आले आणि जिथं सोडला होता तिथून धडा पुढं सुरू केला. वर्गातली सगळी पोरं थक्क. काय हा विश्वास! सागिननं तेव्हाच ठरवलं की माणूस असा झाला पाहिजे.

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही की रडणं पाप आहे," सागिन म्हणाला. "त्यांना आमच्यासमोर रडायची लाज वाटली, बस. त्यांच्याकडं ती रीत असेल. मी त्यांची लाज उचलून आणली आणि गावाला सांगितलं, हे आपलं पाप आहे."

मला संताप आला. हातातला बटाटा मी बादलीत आपटला. "म्हणजे एका परक्या माणसाला लाज वाटली, त्यापायी माझे सासरे मुलाच्या रडण्याशिवाय मातीत गेले?"

"हो."

तो इतक्या सरळपणे हो म्हणाला की पुढं भांडता येईना. मग मला आठवलं.

"सागिन, अनारकुल एजेचं काय?"

त्याचा चेहरा उतरला. मी नाव घेण्याआधीच त्याच्या मनात ते आलेलं होतं, हे मला दिसलं.

अनारकुल एजे आमच्यातली; वयानं मोठ्या बाईला आम्ही एजे म्हणतो. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा बेकजान. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो मॉस्कोत इमारतीवरून पडला आणि जस्ताच्या बंद पेटीतून घरी आला. एजेनं धर्म बदललेला म्हणून गावातलं कुणी फिरकलं नाही. आम्ही तेवढे गेलो. पेटी घरात ठेवली तेव्हा एजे भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं तोंड उघडलं. पहिला सूर निघाला न निघाला तोच सागिननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एजे, आशा धरा." तिनं तोंड मिटलं. मग आम्ही सगळ्यांनी भजनं म्हटली. चांगली तीन-चार म्हटली. तेव्हापासून एजे फारशी बोलत नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी येते, आमची बैठकीची खोली झाडते आणि खिडकीशी बसते.

त्या रविवारीही ती आधी आली. झाडून झालं, माणसं जमली, आणि सागिन उभा राहिला. फळ्यावर काही काढलं नाही त्यानं. एरवी तो दरी काढतो, एका बाजूला माणूस, दुसरीकडे देव, मधे पाप. दरी काढल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही असं मला वाटायचं.

"मी तुम्हांला चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "मेलेल्यासाठी रडणं हे पाप नाही. कधीच नव्हतं. ते मी माझ्या मनानं आणलं." मग त्यानं योसेफाचं सांगितलं, प्रभूचं सांगितलं. "इतकी वर्षं मी एकच सांगत आलो, पाप आणि माफी. पण तुमच्यातले कितीतरी जण माझ्याकडं माफी मागायला येतात आणि त्यांचा गुन्हाच सापडत नाही. मुलगी सासरहून परत आली, मुलगा दारू पितो, नवरा टाकून गेला. ते पापी नाहीत. त्यांना लाज वाटते. मी त्यांना माफी देतो आणि ते तसेच परत जातात. लाजेला माफी पुरत नाही. लाजेतल्या माणसाला कुणीतरी दार उघडून आत घ्यावं लागतं. प्रभूला गावाबाहेर नेऊन मारलं ते आपल्या पापासाठी, हे मी सांगत आलो. पण मारण्याआधी त्याला लोकांसमोर उघडं केलं, ते कशाला, हे मी कधी विचारलंच नाही. जिथं आपण लाजेनं उभे असतो तिथं तो येऊन उभा राहिला."

कुणी आमेन म्हटलं नाही. मला वाटलं, चांगलं बोलला. वाटतं न वाटतं तोच खिडकीशी एजे उठली.

"म्हणजे पाप नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही, एजे."

"मी त्या दिवशी रडले असते, तर चाललं असतं?"

"हो."

ती विचार करत उभी राहिली. खरंच विचार करत होती, जसं कुणी दुकानात उभं राहून आठवतं की काय आणायला आलो. "मग मी काय केलं त्या दिवशी?" ती म्हणाली.

तिनं कोट घातला आणि गेली. खोलीतले सगळे स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि या लाजेला गर्व म्हणायची कुणाची टाप नव्हती.

सोमवारी सकाळी सागिननं गोठ्यातून काठी काढली.

"कुठं?"

"बाबांच्या मातीला."

मी दाराशी आडवी आले. "वेड लागलंय का? अपा अजून आहेत त्या घरात. जिवंत माणसाच्या दाराशी रडत जायचं नसतं. आणि उशिरा येणं हे गावात नव्हता त्याच्यासाठी असतं. तू होतास तिथं."

"मी नव्हतो," सागिन म्हणाला. "विचार कुणालाही."

तो निघाला. मी मागोमाग निघाले, कारण घरात बसून ऐकत राहणं त्याहून वाईट. आमच्या फाटकाशीच त्यानं तोंड उघडलं, तर खोकला आला. पंपावरच्या बायका वळल्या. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "अताकेम-ओय! माझ्या बापा रे!" आवाज फाटला, मधेच चिरकला, वासरू अडकल्यासारखा निघाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरं मागं लागली. एका गच्चीवरून प्रश्न आला, "कोण गेलं?" आणि दुसऱ्या गच्चीवरून उत्तर, "याची अक्कल." धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटत होतं. पण तो चालत राहिला. काठी टेकत, वाकत, नाक गळतंय, पुसायचं भान नाही. "अताकेम-ओय! मी नव्हतो! मी त्या दिवशी नव्हतो हो!"

थोरल्या दिरांचं फाटक बंद होतं. सागिन तिथं काठीवर वाकला आणि रडत राहिला. आतून काही हालचाल नाही. लोक जमले. मी मनात म्हटलं, उघडायचं नसेल तर उघडू नका, पण काहीतरी करा.

फाटक उघडलं. दीर कुबात, बनियनवर, गळ्यात टॉवेल. "बंद कर तमाशा. अपा आजारी आहे."

"आके," सागिन थोरल्या भावाला म्हणाला, "मला उशीर झाला."

"तीन वर्षं!"

"तीन वर्षं."

दिरांचा जबडा हलत होता. मला वाटलं, मारतात आता. तेवढ्यात आतून अपांचा आवाज आला, बारीक पण करवादलेला. "कुबात! दारात माणूस रडतोय आणि तू गप्पा मारतोस? काठी घे!"

काठी जवळ नव्हती. भिंतीला गवत ओढायचं दाताळं टेकवलेलं होतं, दिरांनी तेच उलटं धरलं आणि वाकले. पहिला हुंदका त्यांनी दाबून पाहिला, दाबला गेला नाही. मग दोघे भाऊ फाटकाच्या दोन बाजूंना वाकून बापासाठी असे रडले की मागची पोरंही गप्प झाली. सागिनचा आवाज कुठल्या तरी क्षणी सुधारला. म्हणजे सुधारला नाही, त्याचा झाला.

आत अपांनी त्याला जवळ ओढलं, तोंड हुंगलं, मग ढकललं. "रडणं तर काय, वासराचं. तुझा बाप रडायचा तेव्हा पलीकडच्या गावाला कळायचं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या वेळी दाराला लागून उभा राहा. थोरल्याच्या शेजारी. आणि आधी घोटभर गरम पाणी पी, म्हणजे खोकला येणार नाही."

"पितो, अपा."

जाऊबाईनं माझ्या हातात किटली दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी आणायला हसत-रडत बाहेर आले, आणि फाटकात अनारकुल एजे उभी होती.

माझ्या मागून सागिनही आला. तिला पाहून त्याचं तोंड पडलं. "एजे, मला माफ करा."

"केलं," एजे म्हणाली. "काल घरी जाऊन गुडघे टेकले आणि माफ केलं. पण त्यात सुटका तुमची झाली, पास्टर. माझं तोंड त्या दिवशी मिटलं ते तसंच आहे." ती रागावून बोलत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "मी आत्ता मागून आले. सगळं पाहिलं. तुम्हांला रडत यायला हे दार होतं. मी कुठल्या दाराशी जाऊ? माझं पोर माझ्याच घरातून गेलं. मी आत बसून होते, आणि बाहेर रडत कुणी आलं नाही."

सागिन हातातली काठी बघत राहिला.

"कोण आहे?" आतून अपा.

"अनारकुल एजे," मी म्हटलं.

"तिचा मुलगा गेला तेव्हा आपल्यातलं कोण गेलं होतं?"

थोरले दीर जमिनीकडे बघू लागले.

"कुबात, मी विचारते आहे."

"कुणी नाही, अपा. त्यांनी धर्म सोडलेला. मशिदीतला मोल्दो म्हणाला होता, जाऊ नका म्हणून."

"पोरगा आपल्याच जर्दाळूवर चढायचा ना? फांदी मोडली म्हणून तूच त्याचा कान पिळला होतास ना?"

"हो."

"कान पिळायला मोल्दोला विचारलं होतंस?"

अपांचा श्वास वाजला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे उशीर आपल्यालाच झालाय. पोरी, तू घरी जा. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बस. दार उघडं ठेव."

एजेनं आतल्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग आम्हां सगळ्यांकडे. आणि ती वळली, आधी चालत, मग जवळजवळ धावत.

अपांना उठता येत नव्हतं. "मी इथून ऐकते," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं रडा."

आम्ही निघालो. पुढं दोघे भाऊ, एकाकडे काठी, एकाकडे दाताळं. मागं जाऊबाई आणि मी. पंपावरच्या एका बाईनं बादली खाली ठेवली आणि आमच्यात आली, मग आणखी दोघी. कालव्याच्या पुलापाशी दिरांनीच सुरुवात केली. "काळजा रे! काळजा माझ्या!" सागिननं सूर मिळवला. एजेचं दार उघडं होतं. आत अंधार, आणि तिची पाठ.

भाऊ बाहेर वाकले. आम्ही उंबऱ्याशी थांबलो. पुरुष रडत होते आणि आतून उत्तर येत नव्हतं. रीत अशी की आतल्या बाईनं सूर लावला की बायकांनी आत जाऊन बसायचं. तिनं लावलाच नाही तर? आम्ही काय करणार, भजन म्हणणार?

मग ती खाकरली. कोरडा, गंजलेला आवाज, आणि त्यातून हळूहळू ओळ निघाली. आधी तिनं बेकजानचं गायलं, त्याचे खांदे, त्याचं हसणं, जस्ताच्या पेटीला तोंड बघायला काच नव्हती ते. सूर चढत गेला. आणि मग तिनं आमचं गायला सुरुवात केली. कोण आलं नाही, त्यांची नावं. कोण आलं आणि आशा धर म्हणालं, त्याचं नाव. कुणी तिच्या रडण्यावर भजनं घातली, त्यांची नावं, त्यात माझं.

रडणाऱ्या बाईला मधे तोडायचं नसतं. ती जे गाईल ते बाहेरच्यांनी वाकून ऐकायचं आणि प्रत्येक ओळीला रडून हो म्हणायचं. सागिन काठीवर वाकून प्रत्येक ओळीला हो म्हणत होता, आणि ती थांबत नव्हती.